आज्याचे पिस्तूल : उडवावे की जपावे?



आपल्या पुष्कळ घरांत एक जुनी पत्र्याची पेटी असते. घरातल्या कुणा पूर्वजाने पलटणीत नोकरी केलेली असते. त्या पेटीत त्याची पदके, नोकरीतून सुटल्याचे पुस्तक, एखादा बिल्ला आणि पिवळा पडलेला फोटो असतो. बाबासाहेबांची जयंती आली की पेटी उघडली जाते, पदकांना चिंचेने चकाकी आणली जाते, आणि लेकरांना सांगितले जाते, "हा तुझा पणजा. हा लढला होता."

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात आमच्या ओळखीचे असेच एक घर आहे. त्या पेटीत पदकांबरोबर एक जुने पिस्तूल होते. नातू जिनिंगमध्ये कामाला जातो. गेल्या जयंतीच्या आधी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, आज्याचं पिस्तूल हाय घरी. वर्षातून एकदाच, गावाबाहेर रानात, आभाळाकडं धरून एक बार काढला तर काय बिघडते? आज्याले सलामी होईन. सांभाळूनच करू."

प्रश्न साधा दिसतो. पोरगा दारू पिणारा नाही, भांडखोर नाही. त्याला कुणाला भिववायचे नव्हते. त्याला आज्याचा मान करायचा होता. म्हणून आम्ही लगेच "नको" म्हटले नाही. आधी त्याच्या घरी जाऊन वस्तू पाहिली. तिथे जे कळले आणि पुढे चौकशीत जे समजले, ते सर्वच घरांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे मांडतो.

पिस्तूल खरेच आज्याचे होते का?

आमच्याबरोबर लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. पलटणीत हत्यारे दुरुस्त करण्याचे काम त्यांनी हयातभर केले. त्यांनी पिस्तुलाला हात न लावता आधी दुरूनच पाहिले आणि विचारले, "तुमचे आजोबा कोणत्या साली भरती झाले?"

नातू म्हणाला, "१९४३ ला, महार रेजिमेंटात."

"मग हे त्यांच्या पलटणीचे नाही. हे ठासणीचे पिस्तूल आहे. तोंडाकडून दारू आणि गोळी भरायची, मागे तांब्याची टोपी बसवायची, घोडा टोपीवर आपटला की बार. असली हत्यारे इंग्रजांच्या पलटणीतून त्यांच्या जन्माआधीच गेली होती."

घरातले सगळे गप्प झाले. येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. आपले लोक ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ते लढले. त्यांची नावे तेथील विजयस्तंभावर कोरलेली आहेत, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन त्यांना मानवंदना दिली. त्या शिपायाच्या हातात चकमकीची लांब बंदूक असे. पिस्तूल असे ते बहुधा अधिकाऱ्याच्या किंवा घोडेस्वाराच्या कमरेला. शिवाय शिपायाची बंदूक त्याची स्वतःची नसे. ती सरकारची असे, आणि नोकरी सुटली की परत जमा होई.

पुढे १८९० नंतरच्या वर्षांत आपल्या लोकांची भरतीच बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी रक्त सांडले त्यांना 'लढवय्ये नाहीत' असे सांगण्यात आले. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळ्यांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली, पण युद्धानंतर तीही मोडली. अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभे राहिले. पहिली पलटण बेळगावला आणि दुसरी आपल्या जवळच्या कामठीला. सुरुवातीला त्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

म्हणजे आपला लढा हत्यार घरी ठेवण्यासाठी नव्हता. बरोबरीच्या माणसासारखे रांगेत उभे राहता यावे, यासाठी होता. पेटीतले नोकरीचे पुस्तक हा त्याचा पुरावा आहे. मग पिस्तूल आले कुठून?

उत्तर आजीने दिले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण आठवण पक्की. ती म्हणाली, "मालगुजाराच्या वाड्यातलं हाय ते. मालगुजारी गेली, वाड्यातलं सामान इकाले काढलं, तवा त्यानं आणलं. ज्या वाड्याच्या पायरीवर उभं राहू देत नोयते, तेथलं हत्यार आपल्या घरी आलं म्हून ठेवलं त्यानं. उडवलं कवाच नाही."

नातवाने ही गोष्ट प्रथमच ऐकली. मालगुजारी १९५१ मध्ये गेली. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ ती वस्तू घरात होती आणि तिची खरी कहाणी फक्त एका म्हातारीच्या मनात होती. बार काढण्याच्या नादात कुणी तिला विचारलेच नव्हते.

एका काठीने केलेली परीक्षा

त्यानंतर त्या निवृत्त गृहस्थांनी घरातल्या पोरांना बाहेर पाठवले. पिस्तुलाचे तोंड भिंतीकडे करून ठेवले. घोड्याला, चापाला बोट लावले नाही. मग लाकडाची एक बारीक गुळगुळीत काडी नळीत हळूच सोडली. ती जिथे थांबली तिथे नळीच्या तोंडाशी पेन्सिलीने खूण केली. काडी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिली. काडी नळीच्या मागच्या टोकापर्यंत पोहोचायला हवी होती. ती दोन बोटे अलीकडेच थांबली होती.

"भरलेले आहे," ते म्हणाले.

घरात सुई पडली तरी ऐकू आली असती. कारण त्याच पिस्तुलाचा घोडा मागे ओढून 'खट' करीत या घरातली दोन पिढ्यांची पोरे खेळली होती. नातू स्वतः खेळला होता. टोपी नव्हती म्हणून निभावले. ठासणीच्या हत्यारांत हे नेहमी आढळते, असे ते म्हणाले. भरलेली गोळी परत काढणे किचकट काम, म्हणून लोक भरलेलेच टांगून ठेवत. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. तिला म्हातारपण येत नाही.

ठाण्यात खबर दिली गेली. जाणकार माणसे आली, नळीत पाणी सोडून आतली दारू भिजवली आणि मगच गोळी बाहेर काढली.

वाचकांना आमची हात जोडून विनंती आहे. काडीची परीक्षा येथे सांगितली ती घरी करून पाहण्यासाठी नव्हे. जुने हत्यार भरलेलेच आहे असे धरून चालावे, हे कळावे म्हणून सांगितली. नळीत डोकावू नये, घोडा ओढू नये, मेणबत्ती किंवा उदबत्ती जवळ आणू नये. तोंड माणसांकडे नसेल असे पाहून हात काढून घ्यावा आणि जाणकाराला बोलवावे.

'क्वचित' म्हणजे 'सुरक्षित' नव्हे

नातवाने तरी विचारले, "आता तर रिकामं झालं. आता वर्षातून एकदा थोडीशी दारू घालून?"

येथेच सगळ्यांची फसगत होते. आपण समजतो, कमी वेळा केले की धोका कमी. मोटार वर्षातून एकदाच चालवणारा माणूस रोज चालवणाऱ्यापेक्षा कमी धोक्याचा असतो का? हत्याराचेही तसेच.

पहिली गोष्ट नळीची. जुन्या पुष्कळ नळ्या लोखंडाच्या पट्ट्या गुंडाळून, तापवून, ठोकून जोडलेल्या असत. जोड बाहेरून दिसत नाही. आतून गंज खड्डे पाडतो, तोही बाहेरून दिसत नाही. काळी दारू जळल्यावर जी राख उरते ती हवेतला ओलावा ओढते. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, पुसून, तेल लावले नाही तर आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज धरायला वेळ लागत नाही. म्हणून वर्षातून एकदा उडवून पेटीत टाकलेले हत्यार दरवर्षी आतून कमजोर होत जाते, आणि दरवर्षी मालकाचा विश्वास मात्र वाढत जातो. 'मागच्या वर्षी काही झाले नाही ना!' हे वाक्य फार घातक आहे.

दुसरी गोष्ट दारूची. ठासणीच्या हत्याराची खरी काळी दारू म्हणजे साधारण पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. ती विकत घ्यायला परवाना लागतो. मग गावात माणूस काय करतो? फटाके फोडून त्यातली भुकटी काढतो, नाहीतर आगपेटीचे गुल खरवडतो. काही फटाक्यांत ॲल्युमिनियमची भुकटी असते. ती गोळीला ढकलत नाही, नळीच फोडते. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू तर त्याहून वाईट. तिचा दाब जुन्या नळीला झेपणारा नसतोच. फुटलेली नळी समोरच्याला इजा करण्याआधी धरणाऱ्याची बोटे आणि डोळे नेते.

आणि तिसरी गोष्ट पोटाची. आपल्या घरातला कमावता हात म्हणजे नुसता हात नसतो. जिनिंगमधली हजेरी, पोराची फी आणि किराणा दुकानाची उधारी त्या हातावर असते. एका बारासाठी तो पणाला लावायचा का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पुलगावने काय शिकवले

वर्धा जिल्ह्याची एक गंमत आहे. गांधीजींच्या वास्तव्यामुळे हा दारूबंदीचा जिल्हा, आणि याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराच्या दारूगोळ्याचे देशातले सर्वांत मोठ्यांपैकी एक कोठार. तेव्हा जुनी दारू म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या कोठारात आग लागली. रणगाडाविरोधी सुरुंग ठेवलेल्या एका शेडमध्ये भयंकर स्फोट झाला. दोन अधिकाऱ्यांसह सोळांहून अधिक माणसे गेली. त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान पुष्कळ होते. आजूबाजूची गावे रात्रीतून घरे सोडून निघाली.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर जुना, निकामी ठरलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी आणला होता. तो उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. त्यांत एक आयुध कारखान्याचा कर्मचारी होता, बाकी आसपासच्या गावांतले मजूर. पेट्या उचलण्याची रोजी मिळते म्हणून ते गेले होते.

ही दोन उदाहरणे आणि घरातले पिस्तूल यांची बरोबरी होत नाही, हे आम्हाला कळते. पण धडा एकच आहे. तिथे लढाई नव्हती, शत्रू नव्हता, कुणी नेम धरला नव्हता. सामान नुसते ठेवलेले होते आणि हलवले जात होते. ज्यांचे हे रोजचे काम, ज्यांच्यापाशी शिस्त आणि साधने, त्यांच्याही हातून माणसे गेली. 'निकामी' हा शब्द कागदावर लिहिला म्हणून दारू तो वाचत नाही.

उलट बाजूही ऐकावी

आता ज्यांचे मत वेगळे आहे त्यांचेही ऐकले पाहिजे. युरोप-अमेरिकेत ठासणीची जुनी हत्यारे उडवणाऱ्यांच्या संस्था आहेत. ब्रिटनमधली संस्था १९५२ पासूनची आहे. या खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरतात. त्यांत पिस्तुलाचे निशाण पंचवीस मीटरवर असते, तीस मिनिटांत तेरा बार करायचे आणि उत्तम दहा मोजायचे. हे लोक म्हणतात, हत्यार हे यंत्र आहे, ते चालताना पाहिल्याशिवाय जुन्या कारागिराचे कसब कळत नाही. थोडी दारू, मोजके बार आणि नीट निगा असेल तर काही बिघडत नाही.

त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ते 'सांभाळून' म्हणतात म्हणजे काय ते पाहा. नळी आधी जाणकाराकडून तपासून घेतात. बर्मिंगहॅमला तर १८१३ पासून नळ्यांची जास्त दारू भरून परीक्षा करणारे घर आहे. परीक्षेत उतरली तर नळीवर शिक्का, नाहीतर नाही. दारू प्रत्येक बारासाठी आधीच मोजून वेगळ्या कुपीत ठेवतात, मोठ्या डब्यातून थेट नळीत ओतत नाहीत. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, मागे मातीचा बांध आणि हुकूम देणारा अधिकारी असतो. आभाळाकडे तर कुणीच उडवत नाही, कारण वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येते. इतके करूनही त्या स्पर्धांत अस्सल जुनी हत्यारे आणि नव्याने घडवलेल्या प्रती यांचे गट वेगळे असतात. पुष्कळ जण प्रतीच उडवतात आणि अस्सल वस्तू कपाटात ठेवतात.

म्हणजे 'सांभाळून' हे शब्दाने होत नाही. त्यामागे संस्था लागते, मैदान लागते, पैसा लागतो. आपल्या रानात यातले एकही नाही.

कायदा काय म्हणतो

शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याप्रमाणे बंदूक-पिस्तूल बाळगायला जिल्हादंडाधिकाऱ्यांचा परवाना लागतो. कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे. पण ती सूट जे हत्यार दुरुस्त करूनही उडू शकत नाही त्याला आहे. यातली मेख लक्षात घ्यावी. जो माणूस म्हणतो, "हे तर जुने शोभेचे, याला परवाना कशाला?" तोच जर ते उडवून दाखवू लागला, तर त्याने स्वतःच्या हाताने आपली सूट घालवली. ब्रिटनमध्येही १९६८ च्या कायद्याने असेच आहे. कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवा, मोकळीक आहे. उडवायचे म्हटले की परवाना काढा.

२०१९ च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक झाला. एका माणसाला वारशाची धरून दोनच बंदुका ठेवता येतात. लग्नात, मिरवणुकीत, आनंदाच्या भरात दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनापरवाना हत्याराची शिक्षा तर याहून मोठी. आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना गरिबाचे काय होते, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

पेटीत असे काही सापडले तर लपवू नये, विकू नये, भंगारवाल्याला देऊ नये. ते हलवण्याआधी ठाण्याला कळवावे. अर्ज दोन प्रतींत करावा, एकीवर पोच घ्यावी. जाणत्या वकिलाला विचारावे. बेवारस मोहाने ठेवण्यापेक्षा ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करण्याची सोय कायद्यातच आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर तिला १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदाही लागू होऊ शकतो.

मान कशात आहे

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. त्यांचे कपडे आहेत, टंकलेखनाचे यंत्र आहे. आपली माणसे तिथे जातात, काचेपलीकडे पाहतात आणि डोळे पुसतात. ते यंत्र अजून चालते का, हे पाहायला कुणी त्यावर बोटे मारत नाही. तो कोट कुणी अंगात घालून पाहत नाही. वस्तू वापरली नाही म्हणून तिचा मान कमी होत नाही. उलट ती जपली म्हणूनच पुढच्या पिढीला दिसते.

नागपूरच्या अजबबंगल्यात, १८६३ पासूनच्या त्या संग्रहालयात, जुन्या हत्यारांचे दालन आहे. पोरांना एकदा तिथे न्यावे. आणि पोराला नेमबाजीचीच ओढ असेल तर ती दाबू नये. त्याला रीतसर संस्थेत, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली पाठवावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत नोकरी करीत नेमबाजीचा सराव करीत राहिला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक आणले.

त्या घरातल्या पिस्तुलाची पावती आता पेटीत आहे, वस्तू ठाण्यात आहे. परवाना, सूट की संग्रहालय, याचा निकाल लागायचा आहे. पण नातवाने एक काम केले. दोनशे पानी वही आणली आणि आजी सांगेल ते लिहून घेतले. आज्याची भरती, कामठीची छावणी, वाड्याची पायरी, सामान विकले तो दिवस. जयंतीच्या सायंकाळी विहारात सगळ्यांसमोर त्याच्या मुलीने ती वही वाचली. तिच्या शेजारी पदके आणि नोकरीचे पुस्तक मांडले होते.

आम्ही आजीला विचारले, "आजी, त्यांनी ते कधीच का उडवले नाही?"

आजी म्हणाली, "तो सिपाई होता बापा. बार काय अस्ते, त्याले माईत होतं. घरात लेकरं होती. कायले उडवन तो?"

जयभीम!